अक्का, तुझ्या डाव्या तळहातावर

अक्का, तुला मातीत बसवून आज नऊ दिवस झाले आणि माझा राग तसाच आहे. लोक येतात, सतरंजीवर बसतात, "बाई म्हणजे देवमाणूस होत्या" म्हणतात, चहा घेऊन जातात. मी मान हलवतो. मनात म्हणतो, कसली देवमाणूस, हट्टी बाई होती. एक नंबरची हट्टी. आता तुला मधे बोलायची सोय नाही, म्हणून एकदा सगळं ऐकून घे. चौसष्ट वर्षांत पहिल्यांदाच मी बोलणार आहे आणि तू गप्प बसणार आहेस.

खड्ड्याच्या आतल्या कोनाड्यात तुला मांडी घालून बसवलं होतं. कपाळाला भस्म, गळ्यात फुलं, मांडीवर बेलाची पानं. मठपतींनी, म्हणजे ज्यांच्या मंत्रांतल्या चुका तू त्यांच्या तोंडावर काढायचीस त्या म्हाताऱ्यांनीच, माझ्यापुढे हात केला आणि म्हणाले, "बाईंचं इष्टलिंग द्या." आपल्यात जन्मभर गळ्यात वागवलेलं लिंग शेवटी डाव्या तळहातावर ठेवतात आणि मगच माती लोटतात. अर्धं उदगीर माझ्याकडे बघत होतं. तुझी लेक शिल्पा आयर्लंडहून फोनवर बघत होती आणि रडत होती. तुझं लिंग कुठे आहे, हे त्या सगळ्यांत मला एकट्याला ठाऊक होतं. ते शिल्पाच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, बॅरो नदीच्या तळाशी पडलं होतं.

"कुणाला सांगायचं न्हाई, बसू. माझी शपथ हाय तुला." असं म्हणालीस आणि मोकळी झालीस. शपथ घालणाऱ्याचं काय जातं? पाळणाऱ्याला विचार.

मुळात मला यायचंच नव्हतं. शिल्पा तिकडे कार्लो नावाच्या गावात नर्स आहे, तिच्याकडे तू एकटीही गेली असतीस. पण नाही. नांदेडला माझ्या घरी येऊन ठाण मांडलंस. "जन्मभर कालवे खणलेस, एक तरी वाहता कालवा डोळ्यांनी बघ," म्हणालीस. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे असं बोलायचं? माझ्या वितरिकांना, म्हणजे शेतापर्यंतच्या लहान कालव्यांना, पाणी आलं नाही, यात माझा काय दोष होता? धरणातच नव्हतं. हे तुला शंभरदा सांगून झालं होतं. तरी दर दिवाळीला सगळ्यांच्या देखत विचारायचीस, "बसू, तुझ्या कालव्यात यंदा तरी बेडूक हायत का रे?" आणि सगळे हसायचे. शेवटी मीही हसायचो, आणि शेवटी विमानातही बसलो.

आणि तुला सांगतो, आवडलं मला. हे तुझ्या तोंडावर कबूल केलं नाही, कारण तू ते पुढची दहा वर्षं ऐकवलं असतंस. शिल्पाला सुट्टी असली की ती आपल्याला गाडीत घालून छोट्या छोट्या गावांना न्यायची. मोठी शहरं नकोत, असं तूच तिला सांगितलं होतंस. इनिस्टीग नावाच्या त्या गावात आपण दहा कमानींच्या जुन्या पुलाखाली गवतावर बसलो होतो. गाव केवढं, तर आपल्या चाकूरच्या एका गल्लीएवढं. पण प्रत्येक भिंतीला माहिती, प्रत्येक पडक्या चर्चला पाटी. तू एकेक पाटी पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत मोठ्याने वाचायचीस आणि मग मला मराठीत समजावून सांगायचीस, जणू मी तुझ्या शाळेतल्या सातवी ब मध्ये आहे.

"अक्का, मला येतं इंग्रजी."

"येतं ना? मग पुढची तू वाच. मोठ्यानं. मागच्या बाकावर ऐकू आलं पायजे."

वाचली मी. माझ्या मागे दोन गोऱ्या बायका उभ्या राहून ऐकत होत्या. आपल्याकडच्या किल्ल्यांत पाटी असते ती फक्त 'येथे थुंकू नये' एवढीच, यावरून तू गाडीत तासभर चिडत होतीस. आपण दोघं एकाच गोष्टीवर चिडलो, असं फार वर्षांनी झालं. बरं वाटलं मला.

मग तो दिवस. शिल्पाची ड्यूटी होती. तिने सकाळी घाईघाईने आपल्याला ग्रेगनमॅनाला सोडलं. तिथून नदीच्या काठाकाठाने सेंट मलिन्सपर्यंत गवताची पायवाट जाते, सहा-सात किलोमीटर, एकदम सपाट. पूर्वी त्याच वाटेने घोडे चालायचे आणि दोर लावून मालाच्या नावा ओढायचे. दुपारनंतर ती दुसऱ्या टोकाला आपल्याला न्यायला येणार होती. काठाला लांबट नावा बांधलेल्या, पाणी चहाच्या रंगाचं, दोन्हीकडे झाडी. मधूनमधून नदीवर दगडी सांडवा आणि त्याच्या बाजूला नाव वर-खाली न्यायचं लॉक. तू विचारलंस, हे काय. मी सांगितलं, ही पाण्याची पायरी आहे. नाव आत आली की मागचं दार लावायचं, पुढच्या दारातून पाणी भरू द्यायचं, नाव आपोआप वर येते. तू लाकडी दाराच्या त्या लांब दांड्याला हात लावून पाहिलास आणि म्हणालीस, "म्हणजे हे तुला सगळं येतं?" अक्का, पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाबद्दल तू विचारलेला तो पहिला सरळ प्रश्न होता. मी अर्धा तास बोललो. तू ऐकलंस. त्या अर्ध्या तासासाठी मी तुला खूप काही माफ करायला तयार होतो.

पण तुझं पोट रिकामं होतं. सकाळच्या घाईत तुझी पूजा राहिली होती आणि पूजेशिवाय तू अन्नाला शिवत नाहीस. सांडव्याच्या खालच्या अंगाला, जिथे दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात, तिथे तू पिशवी टेकवलीस. भस्माची डबी काढली, शिल्पाच्या फ्रीजमध्ये जपून ठेवलेली बेलाची पानं काढली. मी बाटली पुढे केली.

"बाटलीतलं पाणी?" तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मी डबक्यातलं दिलं. "एवढी नदी समोर असताना?"

"पायऱ्या निसरड्या आहेत अक्का. वर बस."

"साठ वर्सं गडवाभर पाण्यात देवाला आंघोळ घातली मी. तेबी सांडू न देता. आज घालू दे की मनासारखी."

आपली आई, अव्वा, गेली तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस आणि मी सात. हापशावर नंबर लावून तू दोन घागरी आणायचीस. त्यातलं एक गडवाभर पाणी देवाचं, पूजा झाली की तेच बेलाच्या रोपाला. त्यात मी एकदा हात बुडवला म्हणून तू मला बडवलं होतंस. अशा बाईने बॅरो नदी पाहिली. तिने गळ्यातला करंडा उघडला, लिंग डाव्या तळहातावर घेतलं, आणि वरून पाणी घालायचं सोडून तळहातच वाहत्या पाण्यात खाली नेला. असं कुणी करत नाही. मठातले स्वामी करत नाहीत. थेंबाथेंबाने देव न्हाऊ घातलेल्या आपल्यासारख्या दुष्काळी माणसालाच हे सुचावं.

"अगं," एवढंच तू म्हणालीस. माझ्याशी नाही, स्वतःशीच. तळहात रिकामा होता.

मी मांड्यांपर्यंत पाण्यात उतरलो. सांडव्याखाली उतरू नये, हे मी लोकांना शिकवलेलं आहे. पाणी बर्फासारखं होतं आणि ओढ चांगलीच होती. वाटेवरून एक म्हातारा कुत्र्याला घेऊन चालला होता. तो ओरडला, बाहेर ये म्हणाला, काय हरवलंय विचारलं. आणि मी म्हणालो, अंगठी. माझ्या बहिणीची अंगठी.

मी असं का सांगितलं, हे तू नंतर तीनदा विचारलंस. आज सांगतो. मला लाज वाटली. गळ्यातला देव नदीत पडला, हे परक्या माणसाला समजावून सांगायचं, आणि तेही मी सांगायचं, ज्याने स्वतःचं लिंग तीस वर्षांपूर्वी काढून कपाटात ठेवलं! ते काढलं त्या दिवसापासून तू माझ्या घरी जेवताना माझ्या पंगतीला बसली नाहीस. वेगळी बसायचीस, भिंतीकडे तोंड करून. प्रत्येक फोनच्या शेवटी, "घाल रे ते परत," म्हणायचीस. आणि मी प्रत्येक वेळी फोन आधी ठेवायचो.

तो म्हातारा जवळच राहत होता. घरी जाऊन रबरी बूट आणि लांब दांड्याची जाळी घेऊन आला. दोन तास तो तुझी अंगठी शोधत होता. जाळीत गाळ यायचा, काड्या यायच्या, काळे गोल दगड यायचे. तो जाळी हलवायचा, चमकणारं काही दिसलं नाही की दगड परत नदीत टाकायचा. मी काठावरून एकेक बघत होतो, पण किती बघणार? तू माझी बाही ओढत होतीस. "त्याला खरं सांग बसू. तो गरीब माणूस आपल्यासाठी पाण्यात उभा हाय." मी नाही सांगितलं. त्या दगडांत तुझा देव असेल, तर माझ्या खोटेपणाने तो पुन्हा नदीत गेला. जाताना त्याने शिल्पाचा फोन नंबर लिहून घेतला, सापडली तर कळवतो म्हणाला.

आणि मग तू पायरीवर तशीच बसून राहिलीस, तेव्हा मी ते वाक्य बोललो. "दगड होता अक्का तो. दगडच." थंडीने माझे दात वाजत होते. भीती वाटत होती. याला माफी म्हणायची तर म्हण, नाहीतर सोडून दे.

उरलेली वाट तू पुढे, मी मागे, असे चाललो. सेंट मलिन्सला जुन्या मठाचे अवशेष आहेत. कुणा संताने तिथे स्वतःच्या हातांनी गिरणीसाठी पाण्याचा पाट खणला, वर्षानुवर्षं एकटाच खणत होता, अशी तिथली गोष्ट. एरवी तुला केवढं उधाण आलं असतं! "बघ, याला म्हणत्यात कायक. काम करणारा संत. तुझ्या खात्यातलाच की रे!" म्हणाली असतीस. तू त्या पाटीसमोर उभी राहिलीस आणि वाचली नाहीस. साऱ्या प्रवासात तू न वाचलेली ती एकच पाटी.

शपथ तिथेच घातलीस, शिल्पाची गाडी वळणावर दिसली तेव्हा. मग शिल्पालाही मी अंगठीच सांगितली.

आता मला सांग, यात एवढं लपवण्यासारखं काय होतं? दोरा तुटतो, लिंग हरवतं, भंगतं. माणसं मठात जातात, गुरूकडून दुसरं घेतात. तुझ्या घरापासून मठ रिक्षाने दहा मिनिटं. मी तुला विमानतळावर बजावलं होतं. आठवड्याने फोन केला तर म्हणालीस, "हाव, जाऊन आले. घेतलं दुसरं. आता डोकं खाऊ नको." तू खोटं बोललीस, अक्का. खोटं बोलणाऱ्या पोरींना दिवसभर वर्गाबाहेर उभं करणारी हेडबाई तू. माझ्याशी खोटं बोललीस आणि मी ते खरं मानलं, कारण तू खोटं बोलशील असं माझ्या कधी स्वप्नातही आलं नाही.

तू का गेली नाहीस, ते मला माहीत आहे. गिरजाबाईची सून. दवाखान्यात छातीचा फोटो काढताना तिने लिंग काढून ठेवलं आणि ते गादीखाली हरवलं, म्हणून तू सगळ्या बायकांसमोर त्या पोरीला नाही नाही ते बोललीस. वर्षभर त्यांच्या घरचं पाणी घेतलं नाहीस. आता मठात जाऊन सांगायचं कसं, की माझंही गेलं? तेही माझ्याच हातून, माझ्याच हौसेने? दुसऱ्यांसाठी केलेल्या नियमात तूच अडकलीस, आणि त्यातून बाहेर यायला एक साधं "चुकलं माझं" पुरलं असतं. ते तुला जमलं नाही. आपल्या घरात ते कुणालाच जमत नाही म्हणा.

मग लिंगपूजा नाही म्हणून अन्न नाही. नुसतं दूध आणि कधीमधी केळं. आणि वर साखरेच्या आजारावरच्या गोळ्या मात्र रोज नेमाने! एवढी शिकलेली बाई तू.

तुझ्या शेजारच्या रुक्साना भाभींचा सकाळी फोन आला. "भाई, अक्का उठतेच नैं. रोटी खाना तो कब का छोड़ दिये थे उनो, निस्ता दूध पीते थे. मैं बोली तो मेरेपेच गुस्सा करते थे." त्या एका वाक्यात मला सगळं कळलं. डॉक्टर म्हणाले, साखर फार खाली गेली होती. मला ते ऐकायची गरजच नव्हती. मी नांदेडहून निघण्याआधी कपाट उघडलं होतं.

शिल्पा चौथ्या दिवशी पोचली. तिने तुझं स्वयंपाकघर बघितलं. पिठाचा डबा हात न लावलेला, काठोकाठ भरलेला, गोळ्यांची पाकिटं रिकामी. आज सकाळी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मामा, आई जेवत नव्हती, हे तुला माहीत होतं?"

मी तुझी शपथ मोडली, अक्का. सगळं सांगितलं. अगदी अंगठीसकट.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी नर्स आहे मामा. रोज परक्या म्हाताऱ्यांच्या बोटाला सुई टोचून साखर बघते. ती माझ्या घरात त्यानंतर अकरा दिवस होती. पोट बिघडलंय म्हणून ताट बाजूला सारायची. मला एक शब्द सांगायचा होतास." आणि मागच्या दारी तुझ्या बेलापाशी जाऊन बसली. तुझी शपथ मी दोन महिने पाळली आणि त्याचं फळ हे. तुझ्यावर चिडू की माझ्यावर, ते मला समजत नाही. म्हणून दोघांवरही चिडून राहिलोय.

तर त्या दिवशी मठपतींनी हात पुढे केला. मी खिशातून माझा करंडा काढला. आपली दोघांची दीक्षा एकाच दिवशी झाली होती, दोन्ही लिंगं एकाच हातातून आली होती, आकार तोच, काळेपणा तोच. माझा दोरा तुटला की लहानपणी तूच नवा वळून बांधायचीस, आणि गाठ इतकी घट्ट मारायचीस की मान काचायची. करंड्याची चांदी काळवंडली होती. म्हाताऱ्यांनी लिंग बोटांत धरून फिरवून पाहिलं. रोज पूजा होणाऱ्या लिंगावर भस्म मुरलेलं असतं. यावर काहीच नव्हतं.

"बाईंचंच हाय न्हवं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तिचंच," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग ते तुझ्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि तुझी बोटं एकेक करून मिटवली. ती मिटत नव्हती, त्यांना जोर लावावा लागला. मग आम्ही माती लोटली.

तीस वर्षं मागे लागली होतीस, बसू, ते बाहेर काढ. काढलं. खूश?

मघाशी शिल्पा आत आली. डोळे सुजलेले, पण आवाज तुझ्यासारखाच, मागच्या बाकावर ऐकू जाईल असा. परत गेल्यावर ती त्या म्हाताऱ्याकडे जाणार आहे. अंगठी नव्हती, हे त्याला सांगणार आहे. काय हरवलं होतं, कसं दिसतं, का महत्त्वाचं होतं, सगळं. तो अजून अधूनमधून जाळी घेऊन जातो म्हणे, तिला मेसेज करतो, अजून सापडली नाही, सॉरी म्हणून. खोटं ऐकून जो माणूस दोन महिने शोधतोय, तो खरं ऐकल्यावर किती दिवस शोधेल कोण जाणे.

"आणि सापडलं तर काय करू, मामा? आईजवळ आणून पुरायचं का?"

मी म्हटलं, नको. तिच्या हातात एक आहे. सापडलं तर नीट धुऊन ठेव, माझ्या वेळी लागेल.

तोवर मी असाच, मोकळ्या गळ्याने. ओरड आता, काय ओरडायचं ते.